वाटाड्याच्या नव्या वाटा

डेपोत सगळे त्याला वाटाड्या म्हणत. एखादा रस्ता बंद असला की बाकीचे ड्रायव्हर आधी त्याला विचारायचे, मगच बस काढायचे. एका सकाळी बस चालवतानाच त्याला फिट आली. बस कठड्याला घासून थांबली. कुणाला खरचटलंही नाही, पण त्याच्या हातातलं चाक कायमचं गेलं.

औषधांनी गुण येईना. फिट कुठून उठते ते शोधायला डॉक्टरांनी त्याच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. डोक्याला पट्ट्या बांधून तो वॉर्डात फिट यायची वाट बघत पडून असायचा. तिथेच एक संशोधक मुलगी डोळ्यांवर चढवायचा जाडजूड चष्मा घेऊन आली. चष्म्यात अख्खं खोटं गाव होतं. बटणं दाबत चालायचं, दुकानांत सामान पोचवायचं, परत चौकात यायचं. तेवढ्या वेळात मेंदूत काय चाललंय ते तारा टिपणार होत्या.

"एकही खड्डा नाही," तो म्हणाला. "म्हणजे गाव खोटंच."

त्या गल्ल्या त्याने बघता बघता पाठ केल्या. इतका खुललेला तो बायकोला कित्येक वर्षांत दिसला नव्हता.

पुढच्या खेपेला मुलीने त्याला विचारून एका तारेतून हलका विद्युतप्रवाह सोडला. तो चौकात थबकला.

"काका, बेकरी कुठल्या बाजूला?"

"कुठली बेकरी?"

"आत्ताच तिथून निघालात."

त्याने चष्मा काढून तिच्या हातात दिला.

प्रवाह सोडल्यावर तो वाट विसरला, मेंदूच्या नेमक्या त्याच भागातून फिट उठत होती. सर्जनने आडपडदा ठेवला नाही. तो भाग काढला तर फिट थांबतील, जुने रस्ते आठवतील, नवे बहुधा लक्षात राहणार नाहीत. नाही काढला, तर एखादी फिट जिवावर बेतेल.

"अहो, मी आहे ना पोचवायला," बायको म्हणाली.

"पोचवू नकोस बाई एवढ्यात. नुसती वाट दाखव."

ती हसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

ऑपरेशननंतर एकही फिट आली नाही. पुढे लेकीने नवं घर घेतलं आणि दोघं तिच्याकडे राहायला गेली. तिथे वर्ष उलटल्यावर एका दुपारी तो झोपेतून उठला आणि कपाटाचं दार उघडून तसाच उभा राहिला.

"बाबा, न्हाणीघर इकडे," म्हणत लेकीने त्याचा हात धरला.

"छान आहे गं घर," तो म्हणाला. "बघायला यायला मी उशीरच केला."

"असू दे बाबा."

स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या बायकोने नळ मोठा सोडला.