सपाट जमिनीतला खड्डा

हे मी कोणाले सांगतलं नाही. बायकोले नाही, देवापुढंही नाही. तुले सांगून राहिलो — मधात बोलू नको गा. थांबलो तर पुन्हा तोंड उघडणार नाही.

हुडकेश्वरच्या मैदानावर मी किती तरी सालांपासून फुटबॉलची टीम चालवतो. दिवसा ऑफिसात बाबू, संध्याकाळी कोच. माहा खेळ साधा. एक गोल मारा, मग सगळे मागं. बॉल आला की लांब भिरकावा. दिसाले भिकार — पण कप येत होते. लोक जांभया देत. देऊ दे ना!

मग गजू आला. खाप्याहून एसटीनं यायचा, सव्वीसचा बाप्या, घरी शेती. दोघं अंगावर आले की तो थांबे — पळायचं सोडून थांबे! — अन् ते दोघं एकमेकांवर आदळत. त्याले पाहाले लोक भिंतीवर येऊन बसू लागले. पास दे म्हटलं की हसे, अन् आणखी एकाले चकवे. सेमीफायनलमध्ये असाच चकवत राहिला, बॉल गेला, गोल बसला, हरलो. तरी लोकायनं त्यालेच खांद्यावर घेतलं. हरलेल्या टीमच्या माणसाले! मी बाजूले उभा, हातात पाण्याच्या बाटल्या.

टीमसाठी केलं, असं मनाले लई सांगतलं. खोटं आहे. जळत होतो गा मी.

कसं सांगू — पुढच्या रविवारी प्रॅक्टिस होती. मोरू आमचा स्टॉपर, मागं राहून अडवणारा, आडदांड, सांगतलं ते करणारा. बूट बांधताना मी त्याच्या कानात दोन शब्द टाकले. "वाजव त्याले." एवढंच. पाय मोड, असं नाही म्हटलं. पण मोरू कसा वाजवते, हे मले माहीत नव्हतं काय? गजू उजवीकडून हसत येत होता. मोरू निघाला. शिट्टी माह्या तोंडात होती. वाजवता आली असती — काहून नाही वाजवली? वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला.

धूळ बसायच्या आत मीच ओरडलो, "खड्डा होता! खड्ड्यात पाय गेला!" मोरूनं माह्याकडं पाहिलं, मग मान खाली घातली. मैदानात खड्डे होतेच, कोण तपासाले जाते? धुळीत नेमकं काय झालं ते गजूले कळलं नव्हतं, त्यानंही तेच मानलं. त्याचा गुडघा पुन्हा सरळ झाला नाही. मोरू कामाले परगावी गेला, मागच्या साली तिकडंच वारला. आता जाणणारा मी एकटा.

इथं संपलं असतं. पण गजू येते. हर साली, दिवाळी झाली की, लंगडत. घमेलं अन् फावडं घेऊन मैदानभर खड्डे बुजवते. म्हणते, कोणाचा पाय पुन्हा जाऊ नये. तो येणार म्हणून दिवाळीच्या फराळाचं ताट मी बाजूले सारतो.

यंदा पोरीले संगं घेऊन आला. सोळाची. आता मी पोरींचीही टीम चालवतो, तिले माह्याकडंच खेळायचं आहे. बॉल दिला. दोघी अंगावर गेल्या — अन् ती थांबली. तशीच. भिंतीवरचे लोक उठून उभे राहिले. तीच जुनी जळण पुन्हा उठली. इतक्या सालांनी, जशीच्या तशी. मले माहीच भीती वाटली.

तेवढ्यात गजू घमेलं घेऊन उजव्या बाजूले गेला. आजपावेतो कधी विचारलं नव्हतं, ते त्यानं विचारलं. "तो खड्डा नेमका कुठं होता जी भाऊ?"

त्या बाजूची जमीन सपाट होती. तेव्हाही सपाटच होती. मी गेलो, अन् पायानं जागा दाखवली.

त्यानं तिथं माती टाकली, चांगल्या पायानं दाबली. पोरीले म्हणाला, "आता बिनधास्त खेळ बेटा. भाऊ आहेत."

मी होतोच. शिट्टी तोंडात धरून उभा होतो.