धुतलेल्या जाळ्यांचा बांध

संगमेश्वर स्टेशनावर उतरलो तेव्हा पिशवीत दोन सदरे आणि पाच मीटरची टेप होती. धाकटी बहीण सुमन फोनवर म्हणाली होती, "दादा, तू बांध बघ. भरवसा वाटला तरच पावसाळ्यात या घरात राहीन." गेल्या वर्षी टेकडीची माती तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत आली होती.

रिक्षाने पाऊण तासात गावात पोचलो. घरामागे मेव्हणे विनायकराव पडेल चेहऱ्याने उभे होते. ते रत्नागिरी बंदरात बर्फाच्या कारखान्यात आहेत. बंदरातली मासेमारीची टाकाऊ नायलॉनची जाळी आणून त्यांनी बांध घातला होता. मातीचा थर चोपायचा, त्यावर जाळे अंथरायचे, पुन्हा माती. जाळे मातीला धरून ठेवते, सरकू देत नाही. मी थर मोजले. अकरा. वरचे चार उकरलेले.

"हे कोणी केलं?"

"कुत्र्यांनी!" सुमन मागच्या दारातून म्हणाली. "जाळी धुऊन घाला म्हणून बांधाची रीत दाखवणाऱ्या इंजिनियरने सांगितलंन होतं."

"मला वास आलाच नाही गो," विनायकराव म्हणाले.

"कसा येईल? वीस वर्षं बंदरात काढलीत!"

जाळ्यांत बांगड्याचे खवले चिकटलेले होते. विनायकराव म्हणाले, "चारच थर धुवू." मी म्हणालो, "अकराही."

तीन दिवस पऱ्यावर (ओढ्यावर) जाळी धुतली, वाळवली, थर पुन्हा चोपले. जेवायला कुळथाचे पिठले आणि तांदळाची भाकरी. मासळीचे नाव कोणी काढले नाही.

निघताना बांधात लोखंडी खुंटी ठोकली. भिंतीपासून अंतर तीन मीटर बेचाळीस सेंटीमीटर.

"राहील ना रे?" सुमनने विचारले.

"आत्ता सांगता येत नाही. टेप ठेवून जातो. दर रविवारी मोज. दोन बोटं जरी कमी झालं, तर त्याच दिवशी बाहेर पड."

घरी आल्यापासून दर रविवारी सुमनचा फोन आला की कॅलेंडरवर एकच आकडा लिहीत होतो. श्रावणात एका बुधवारीच तिचा फोन आला. मी उभाच राहिलो.

"चार दिवस धो धो पडतोय, म्हणून आज मोजलं. तीन बेचाळीस."

एका पावसाळ्यावरून कायमचे काही सांगता येत नाही, हे मला कळते. तरी बुधवारच्या चौकटीत तो आकडा जरा मोठाच लिहिला.

"आणि कुत्रे?"

"पडवीत झोपलेत. मी स्वयंपाकघरात आहे, दादा. भात शिजतोय."