मारेगावच्या बाजारात कोंबड्यांचा भाव ओरडून सांगणारे सत्तारभाई

सत्तारभाईंचा जबडा माझ्या डोळ्यांसमोर फोडला होता. तराजूच्या लोखंडी वजनानं.

कारण एवढंच, की ते कोंबड्यांचा खरा भाव भर बाजारात सांगायचे.

आज पहाटे सत्तारभाई गेले. झोपेतच.

ज्यांना ते माहीत नाहीत त्यांच्यासाठी लिहितेय.

मारेगावच्या बाजारात माझा एसटीडी बूथ होता. शेजारी सत्तारभाईंचं चिकनचं दुकान. ते कापसाचे वाईट दिवस होते. बोंडं अळीनं खाल्लेली, जे पिकलं त्याचे चुकारे थकलेले. घरात रोख यायची ती बायांच्या कोंबड्यांतून आणि अंड्यांतून.

बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतून, तांड्यांवरून बाया टोपल्या घेऊन यायच्या. आणि मुन्नाशेठ नावाचा व्यापारी नाक्यावरच त्यांना गाठायचा.

"नागपूरले रेट पडला बाई. द्यायची तर दे, नाही तर ने वापस."

रेट पडलेला नसायचा. पण बायांना कोण सांगणार?

सत्तारभाई सकाळी बूथवर यायचे. "ताई, नागपूर लाव." फोनवर गावरानचा भाव विचारायचे, अंड्यांचा शेकडा विचारायचे. मग दुकानापुढच्या खोक्यावर चढून ओरडायचे.

"बायांनो, नागपूरले आज गावरान चढली हाय. कोणी पडली म्हनत असंन तर इकू नका."

ते स्वतःही माल घ्यायचे. भाडं आणि आपला थोडा नफा कापून. मी एकदा म्हटलं, "भाई, तुमचाही धंदाच आहे. कायले दुश्मनी घेता?"

"धंदा तर कराचाच हाय, ताई. पन बाई रडत रडत कोंबडा देऊन गेली, का मंग तो मले कापवत नाही."

एका सकाळी त्यांनी शटर उघडलं आणि तिथंच खाली बसले.

मागच्या जाळीतून कोणीतरी आत शिरलं होतं. पिंजऱ्यातल्या सगळ्या कोंबड्यांच्या माना मुरगाळलेल्या. काही अजून तडफडत होत्या.

मी म्हटलं, "निदान स्वस्तात तरी काढा."

"मुरगाळलेलं आमी इकत नाही."

नाल्याकाठी खड्डा खणून त्यांनी सगळ्या पुरल्या. हात धुतले. बूथवर आले.

"नागपूर लाव."

पुढच्या बाजाराला मुन्नाशेठची दोन माणसं आली.

सत्तारभाई खोक्यावर उभे होते. एकानं पाय ओढून त्यांना खाली पाडलं. दुसऱ्यानं तराजूतलं वजन उचललं आणि तोंडावर मारलं. एकदा. परत एकदा. हाड मोडल्याचा आवाज मी बूथमध्ये ऐकला.

मग पिसं काढायला उकळत ठेवलेल्या पाण्याच्या ड्रममध्ये त्या दोघांनी सत्तारभाईंचा उजवा हात कोपरापर्यंत दाबून धरला.

तोंड फुटलेल्या माणसाला किंचाळताही येत नाही. नुसतं रक्त येत होतं.

अख्खा बाजार पाहत होता. पुरुष मागं सरकत होते.

मी पोलिसांना फोन लावला. ठाण्यातून कोणीतरी उचलला तेवढ्यात मुन्नाशेठ दारात.

"ठेव खाली."

मी ठेवला नाही. "बाजारात माणूस मारून राह्यले, लवकर या," एवढं बोलले. त्यानं वायर उपटली आणि काउंटरची काच माझ्या अंगावर ढकलली. गालावरचा हा व्रण तेव्हाचा.

बाहेर मात्र झुमकीबाई उठली होती. तांड्यावरची बंजारा बाई, टोपली घेऊन आलेली. तिनं दुकानाच्या ताडपत्रीचा बांबू उपसला आणि हात दाबून धरणाऱ्याच्या मनगटावर घातला. तो ओरडला, तर त्याच बांबूनं तोंडावर.

मग बाकीच्या बाया धावल्या. दगड, चपला, वजनं, हाताला येईल ते. टोपल्या उलटल्या, कोंबड्या लोकांच्या डोक्यांवरून उडत होत्या, अंड्यांचा चिखल झाला होता. पोलीस आले तेव्हा ती दोन माणसं त्या चिखलात पडून "आम्हाला वाचवा" म्हणत होती.

सत्तारभाईंचा जबडा तारांनी बांधला. हाताची बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची.

दवाखान्यात मुन्नाशेठचा माणूस आला. केस मागं घ्या, खर्च देतो. सत्तारभाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी डाव्या हातानं दार दाखवलं.

साक्षीला सगळ्या बाजारातून मी आणि झुमकीबाई, आम्ही दोघीच उभ्या राहिलो. मुन्नाशेठचा वकील हसून म्हणाला, "चार कोंबड्यांच्या भावासाठी कोणी माणूस मारतो का?"

झुमकीबाई म्हणाली, "सायेब, कापूस घरात आलाच नाही त्या साली. कोंबड्याच होत्या. त्याईच्यावर पोरं जगवली मी."

मग वकील हसला नाही.

मारणाऱ्या दोघांना शिक्षा झाली. मुन्नाशेठ सुटला. त्याचा हात सिद्ध झाला नाही म्हणे. हे मला आजही टोचतं.

पण तो बाजारात परत आला तेव्हा नाक्यावर त्याच्यापुढं एकही टोपली उतरली नाही. बाया आधी बूथवर यायच्या, मी फोन लावायची, भाव सांगायची, मगच सौदा. मुन्नाशेठला त्या भावानं घ्यावं लागलं. वर्षभरात त्यानं मारेगाव सोडलं.

सत्तारभाई डाव्या हातानं कोंबडी कापायला शिकले. शब्द तोंडातच अडकायचे, पण दुकान एका बाजारालाही बंद ठेवलं नाही.

आज दुपारी दफन झालं. झुमकीबाई तांड्यावरून एसटीनं आली. आता पार वाकलीय. अंगणात सत्तारभाईंच्या बायकोचा, रुबिनाभाभींचा हात धरून बसली होती.

"मायं माहेर तुटलं वो," म्हणाली. "भिया गेला माहा."

भिया म्हणजे त्यांच्या बोलीत भाऊ.

भाभी तोवर रडल्या नव्हत्या. तेव्हा रडल्या.

सत्तारभाई, तुमच्या शेजारी माझा बूथ होता, हे माझं भाग्य. भरल्या मनानं शेवटचा सलाम.