अहवालाचं दुसरं पान

३ डिसेंबर. सकाळी सातला मी शाळेच्या मागच्या जिन्यात भिंतीवर खडूने बाण काढत होते. प्रत्येक वळणाला एक बाण, जमिनीपासून तीन फुटांवर, म्हणजे पाचवीच्या पोरालाही दिसावा. तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात केली होती. पहिल्या मजल्यापर्यंत आले आणि प्रार्थनेची घंटा झाली. शेवटचा टप्पा राहिला. खालचं दार तिथून बारा पायऱ्यांवर होतं. मी उतरले नाही, हात झटकले आणि मैदानाकडे गेले.

त्या दिवशी आगीचं मॉक ड्रिल होतं. महिन्यापूर्वी चाकणच्या बाजूला पुठ्ठ्याच्या एका कारखान्यात आग लागली होती. त्यानंतर सगळ्या शाळांना ड्रिल करून अहवाल पाठवायचा आदेश आला. आमची शाळा मोशीच्या पुढे, चाकण रस्त्याला लागून. खाजगी, इंग्रजी माध्यमाची, तीन मजली. संस्थापक मूळचे तिथलेच. वडिलोपार्जित शेत होतं तिथे आधी गोदामं बांधली आणि उरलेल्या तुकड्यावर शाळा. शाळेत मुख्याध्यापकाची खुर्ची वर्षभर रिकामी होती, त्यामुळे सगळं तेच बघायचे. आदेश आला तेव्हा त्यांनी मला बोलावून कागद पुढे सरकवला. ‘‘कर्नल मॅडम, ह्ये तुमीच करा. आमाला काय कळतंय त्यातलं.’’

मी एकवीस वर्षं सैन्यात होते. शेवटची नेमणूक देहूरोडला, भांडाराच्या कामावर. लेफ्टनंट कर्नल म्हणून बाहेर पडले. त्याच्या वर मला नेणार नाहीत हे पुरेसं स्पष्ट झालं होतं, कारण माझ्या हाताखाली शिकलेले दोघे माझ्या पुढे गेले होते. माझे वडील पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर होते. कासारवाडीच्या विहारातल्या अभ्यासिकेत बसून मी शिकले. भूगोल तेव्हापासून आवडीचा. सैन्यातून आल्यावर निम्म्या वयाच्या मुलींच्या शेजारी बसून बी.एड. केलं. लोकांना वाटायचं, पेन्शन आहे, घर आहे पिंपळे गुरवला, मग हिला काय हौस. हौस नव्हती. मला शिकवता येतं, आणि जे येतं ते काम मिळावं एवढंच म्हणणं होतं.

शाळेने मला घेतलं ते मात्र भूगोलासाठी नाही. नेमणुकीच्या आठवड्यातच रस्त्यावर फ्लेक्स लागला. त्यावर माझा गणवेशातला फोटो, शेजारी संस्थापक हात जोडून. प्रवेश चालू आहेत. चार वर्षं तो फोटो दर मे महिन्यात लागायचा. मी आठवी-नववीला भूगोल आणि गणित शिकवायचे आणि फ्लेक्सकडे बघायचे नाही.

आता दाराबद्दल. मागचा जिना तळमजल्यावर एका लोखंडी दारातून मैदानात उघडतो. ते दार कायम कुलपात असायचं, कारण मधल्या सुट्टीत नववीची पोरं तिथून निसटून चौकात वडापाव खायला जायची. ड्रिलच्या आदल्या दिवशी मी पर्यवेक्षिकाबाईंना विचारलं, कुलूप काढलं का. त्या म्हणाल्या, ‘‘हो मॅडम, काढलंय.’’ मी यादीतल्या त्या ओळीवर खूण केली.

इथे माझी चूक. सैन्यात सुभेदाराने ‘हो गया साब’ म्हटलं की ते झालेलं असतं. झालं नसेल तर तो तसं सांगतो, कारण खोटं निघालं तर त्याची काय गत होते हे त्याला माहीत असतं. पर्यवेक्षिकाबाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी कुलूप काढलं होतं. संध्याकाळी संस्थापकांनी ते उघडं बघितलं आणि वॉचमनला परत लावायला लावलं, हे मला नंतर वॉचमननेच सांगितलं. बाईंना सकाळी ते कळलं, पण सांगावंसं वाटलं नाही. एवढंच.

साडेनऊला घंटा वाजली. आठवी आणि नववी, दीडशे मुलं, बाणांप्रमाणे मागच्या जिन्याने उतरली. पुढची मुलं दारापाशी अडली. मागच्यांना ते दिसत नव्हतं. त्यांना शिकवलेलं होतं, थांबायचं नाही. ती येत राहिली. मी मैदानात दाराच्या बाहेरच्या बाजूला घड्याळ धरून उभी होते. दार आतून हलायला लागलं आणि पोरांचा आवाज बदलला, तेव्हा मला कळलं.

वॉचमन संस्थापकांच्या गाडीचं पंक्चर काढायला गेला होता, किल्ली त्याच्या खिशात. मी इमारतीला वळसा घालून पुढच्या जिन्याने वर गेले आणि मागच्या जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ओरडले, ‘‘जागेवर बसा. सगळे. खाली बसा.’’ तो आवाज मी चार वर्षं काढला नव्हता. मुलं बसली. मग वरून एकेक रांग उठवून मागे फिरवली. शेवटी दारापाशी आठवीतली एक मुलगी राहिली, भिंतीला टेकून. मनगट वाकडं झालेलं. रडत नव्हती. मला म्हणाली, ‘‘टीचर, आमी बाणाप्रमाणेच आलो.’’

मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. मी तिच्यासोबत दवाखान्यात गेले, तिचे आईवडील येईपर्यंत थांबले, घरी आले आणि अहवाल लिहायला बसले.

अहवाल लिहायची आमची सैन्यातली एक रीत असते. आधी स्वतःचा दोष, मग घटना, मग इतरांचं काय राहिलं ते. जो अधिकारी जागेवर होता त्याने आधी आपली मान पुढे करायची. मग वरचा आपला भाग लिहितो, खालचा आपला, आणि सगळे कागद एकत्र आले की घडलं ते दिसतं. आणि प्रत्येक पानावर सही, म्हणजे पान बदलता येऊ नये. माझा अहवाल दोन पानांचा झाला. पहिल्या पानावर मी लिहिलं की ड्रिलची जबाबदारी माझी होती, दार मी स्वतः जाऊन तपासलं नाही, आणि मुलीला झालेल्या इजेला मी जबाबदार आहे. खाली सही. दुसऱ्या पानावर कुलूप: कोणी काढलं, कोणी परत लावायला सांगितलं, किल्ली कुठे होती, आणि ते दार शाळेच्या वेळेत कधीही बंद असता कामा नये ही शिफारस. खाली सही. एक प्रत मी स्वतःकडे ठेवली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पर्यवेक्षिकाबाईंचा अहवाल बघितला. दोन ओळी. त्या वर्गात होत्या, त्यांना काही माहीत नाही. दहावीच्या गणिताचे सर माझी पानं चाळत म्हणाले, ‘‘मॅडम, एवढं खरं तर आम्ही लग्नाच्या बायोडेटातही लिहीत नाही.’’ सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं, यांना पद्धत माहीत नाही, कळेल हळूहळू.

आठवड्याने मुलीच्या आईवडिलांना बोलावलं. वडील चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर, पहिली पाळी करून आलेले, अंगात कंपनीचा शर्ट. आई जिंतूरकडची, डोक्यावर पदर. मला आत बोलावलं तेव्हा संस्थापक बोलत होते. शाळेचं कसं सगळं चोख असतं, पण एखादा माणूस चुकतो. मग त्यांनी टेबलावरचा एक कागद उचलून वडिलांपुढे धरला. ‘‘ह्ये बघा. मॅडमनी सोता लिवून दिलंय. आमी कुनावर ढकलत न्हाई.’’

ते पहिलं पान होतं. वाक्य पूर्ण, परिच्छेद पूर्ण, खाली माझी सही. मागे काही असेल असं कुणालाही वाटणार नाही. पान बदलू नये म्हणून केलेल्या सहीने ते पान सुटं वापरायच्या लायकीचं झालं होतं.

मी विचारलं, दुसरं पान कुठे आहे.

‘‘दुसरं कंचं?’’

मी म्हटलं माझ्याकडे प्रत आहे. त्यांनी आईवडिलांना बाहेर चहा घ्यायला पाठवलं आणि दार लावून घेतलं. चिडले नाहीत. शांतपणे सांगितलं की दुसरं पान बाहेर गेलं तर शाळा बंद पडेल, सहाशे पोरं रस्त्यावर येतील, ते मला चालणार आहे का. चालणार नसेल तर जानेवारीपासून मी वर्गावर जाऊ नये, पालक विचारतील. खाली ऑफिसात बसावं, शिस्तीचं बघावं, पगार आहे तोच. फ्लेक्सही राहील. पसंत नसेल तर राजीनामा द्यावा, ते अनुभवाचा चांगला दाखला देतील, फक्त पान देऊन टाकावं.

म्हणजे शाळेत राहायचं तर शिकवायचं नाही, आणि शिकवायचं तर त्यांच्या दाखल्यावर दुसरीकडे जायचं. दोन्हीकडे दार कुलपातच राहणार होतं. मी दाराचं विचारलं. ते म्हणाले, ‘‘पोरं चौकात जात्यात ओ मॅडम. एक पोर ट्रकखाली आलं तर त्येचं पान कोन लिवनार?’’

याला उत्तर होतं. दारावर एक माणूस बसवायचा. मी ते अहवालात लिहिलंही होतं, दुसऱ्या पानावर.

मी बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये आईवडील कागदी कप धरून उभे होते. मी पर्समधली प्रत काढून वडिलांच्या हातात दिली आणि वाचा म्हटलं. त्यांनी सावकाश वाचलं. शेवटपर्यंत वाचलं, हे मी बघितलं. मग घडी घालून मला परत दिलं.

‘‘मॅडम, तिला दहावीपर्यंत इथंच काढायचंय. संस्थेचे सर म्हणाले, दहावीपर्यंत तिच्या फीचं बघू. तुम्हाला दुसरी शाळा मिळंल. आम्ही आता भांडण कुठं घेऊ?’’

मी म्हटलं, उद्या परत असं झालं तर. त्यांनी उरलेला चहा पिऊन टाकला. आई इतका वेळ माझ्या हातांकडे बघत होती. ती म्हणाली, ‘‘दार कुणीबी लावलं आसंल. बाण तर तुमीच काढले की.’’

तिचं चुकलं नव्हतं. मला राग आला तो यासाठी. तिच्या हातातला रिकामा कप घेऊन मी कचऱ्याच्या डब्यात टाकला, मुलीचं प्लास्टर कधी काढणार ते विचारलं आणि स्टाफरूममध्ये जाऊन कपाट रिकामं केलं. नकाशे शाळेचे होते, ते ठेवले. नववीच्या तपासलेल्या वह्या मॉनिटरकडे दिल्या. आठवीच्या अर्ध्या तपासायच्या राहिल्या होत्या. त्या तशाच बांधून पर्यवेक्षिकाबाईंच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी मान वर केली नाही. त्यांना नोकरी हवी होती. मलाही हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी अग्निशमन विभागाच्या ऑफिसात गेले. अर्ज आणि अहवालाची दोन्ही पानं दिली, या वेळी चारी कोपऱ्यांना स्टेपल मारून. आवकच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, तक्रार कुणाविरुद्ध. मी म्हटलं, शाळेविरुद्ध आणि माझ्याविरुद्ध. तो म्हणाला, असा रकाना नाही, एकच नाव लिहा. मी शाळेचं लिहिलं. त्याने पोच म्हणून शिक्का मारला आणि साहेब रजेवर असल्याचं सांगितलं. तिथूनच राजीनामा पोस्टाने पाठवला, दाखला न मागता. मग बाहेर बाकावर बसून निगडीच्या एका शाळेला फोन लावला आणि भूगोलाची जागा आहे का विचारलं. पलीकडच्या बाईंनी विचारलं, आधीच्या शाळेचा दाखला आहे ना. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, मग जूनमध्ये फोन करा.