शेवटच्या राक्षसाचा चेहरा

शेवटच्या राक्षसासमोर पोचल्यावर भाचीनं कंट्रोलरवरची बोटं उचलली. तलवारबाजीचा हा गेम आमच्याच ऑफिसात बनला, पण फारसा कुणी खेळला नाही. त्यातली जांभळी आभाळं मी महिनोन्‌महिने रंगवली होती. “आभाळ कोण बघतं?” म्हणत साहेबांनी निम्मी काढून टाकली. मग मी राक्षसाला त्यांचंच तोंड दिलं. हनुवटीवरचा तीळ, नाकावरचा चष्म्याचा वळ, सगळं. सूड म्हणून ते तोंड मी जितकं न्याहाळलं, तितकं आईचंही कधी न्याहाळलं नव्हतं.

“मामा, याला मारवत नाही रे,” भाची म्हणाली. “किती मायेनं काढलाय कुणीतरी.”

मी तिच्या हातातून कंट्रोलर घेतला आणि बरोबर त्या तिळावर वार केला.