टायगरची तारीख

जनावरांच्या दवाखान्यातल्या गोठी काही सरत नाही बाप्पा! माणसाच्या दवाखान्यात पेशंट बोलते अन् घरचे चूप बसतात. इथं पेशंट मुका, मंग घरचेच बोलतात. अन् माही जागा पाहा कशी, मालक कुत्र्याले तोंडाकडून धरते, मी शेपटीकडून. म्हणजे मालकाचं तोंड सरळ माह्याच समोर! जनमभर असा उभा राह्यलेल्या माणसाजवळ गोठी जमा नाही होईन तर काय होईन?

सरकारी दवाखान्यात माह्या पोस्टचं नाव होतं 'व्रणोपचारक'. हे नाव कोणाच्या तोंडात बसलं नाही. सारे ड्रेसर म्हणत. बायको म्हणे, "ड्रेसर असा नाही तर कलेक्टर असा, आंघोळ केल्याबिगर घरात पाय ठेवायचा नाही!" रिटायर झालो, घरी करमेना, म्हणून ढाणकीत एका डॉक्टर मॅडमच्या खाजगी दवाखान्यात लागलो. वाटलं, आता बैल-म्हशीच्या लाथा नाही, आराम. कायचा आराम! आजकाल घरोघरी लॅब्राडॉर अन् पामेरियन, अन् त्यांच्या शेपटीखालच्या ग्रंथी.

ज्याले माहीत नाही त्याले सांगतो. कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंनी कातडीच्या आत दोन लहान पिशव्या राहतात. शी करताना त्या आपोआप रिकाम्या होतात. काही कुत्र्यांच्या होत नाही. मंग ते कुत्रं बूड जमिनीले घासत फिरते, चाटत राहते, बसलं की कन्हते. आपण हातमोजा घालून, दाबून, रिकाम्या करायच्या. वास असा, की सडके मासे परवडले! अन् महिनाभरात पुन्हा भरतात. दर महिन्याले फी, गोळ्या, मलम, गाडीभाडं. कुत्र्याचं आयुष्य सरते, पण हे दुखणं सरत नाही.

*

एक कृषी केंद्रवाले शेट आहेत आमच्याकडं. त्यांचं लॅब एसी गाडीतून येते. गडी ते उचलून टेबलावर ठेवते, शेट दाराबाहेर नाकाले रुमाल लावून उभे.

एकदा मीनं तपासलं, डावी बाजू गच्च भरलेली, उजवी रिकामी. काम झालं. मॅडमनं फी सांगतली. तर शेट बाहेरूनच ओरडले, "मॅडम, एकच बाजू भरलती ना? मंग निम्मे घ्या!"

मॅडम नवीन, बिचाऱ्या गोंधळल्या. मी कायले चूप बसतो! म्हणलं, "शेट, मांगच्या हंगामात युरियाच्या एका बॅगसंगं नको असलेली टॉनिकची बाटली माह्या गळ्यात मारली तुम्ही. तवा मी म्हणलं होतं का, अर्धीच बाटली घेतो?"

बाकावरचे सारे हासले. शेटनं पूर्ण फी देली, पण जाता जाता मले म्हणे, "तुमच्या हाताले वास येते भाऊ."

म्हणलं, "तुमच्याच घरचा आहे!"

*

वानखेडे सर पहिल्यांदा आले तो दिवस मले आठवते. रिटायर हेडमास्तर, माह्या दोन्ही पोरांचे गुरुजी. बगलेत पांढरं पामेरियन. नाव काय, तर टायगर!

बारा वर्षांचा टायगर बूड घासून घासून लाल झालता. सरनं त्याले तीनदा जंताच्या गोळ्या चारलेल्या. आपल्याकडं हे ठरलेलंच आहे ना, कुत्रं बूड घासते म्हणजे जंत! मेडिकलवाला म्हणे जंत, शेजारी म्हणे जंत, दूधवाला म्हणे जंत. शेपटी वर करून पाहायची कोणाचीच तयारी नाही.

मीनं शेपटी वर केली अन् दाबलं. महिनोन् महिने साचलेलं ते! पिचकारी उडाली ती सरच्या पांढऱ्या शर्टावर. मी तर मेल्यासारखा झालो. सरनं शर्टाकडं पाह्यलं अन् शांतपणे म्हणाले, "दिगूभाऊ, चौतीस वर्षं शिकवलं. पाठीमागून पुष्कळांनी नावं ठेवली असतील. पण तोंडावर इतकं स्पष्ट कोणी बोललं नव्हतं!"

शर्ट धुता धुता त्यांनीच सांगतलं, टायगर पुण्याचा. त्यांच्या पोरानं, परागनं, पाळलेला. पण तो सोफ्याले बूड घासायले लागला, फ्लॅटमधे वास, सूनबाईले सहन होईना. तेवढ्यात सरची बायको वारली. तेरवी झाली, अन् पुढच्याच फेरीत पराग कुत्रं घेऊन आला. "बाबा, तुम्हाला सोबत होईल. शिवाय पुण्यात दर महिन्याला याचे दीड हजार जातात, इकडे स्वस्तात होईल."

सर हे हासत हासत सांगून राह्यले होते. मले नाही हासू आलं. कुत्रं अन् बाप, दोघंही ढाणकीतच स्वस्त पडतात!

*

आधी परागचा फोन यायचा दिवाळीले. हे मले सरनंच सांगतलं. टायगर आल्यापासून मात्र दर महिन्याले येऊ लागला. मॅडम चिठ्ठीवर पुढची तारीख लिहून देत. त्या तारखेले सर टायगरले घेऊन बरोबर अकरा वाजता हजर, अन् परागचा व्हिडिओ कॉलही हजर. पैसे तोच पाठवायचा ना, म्हणून काम झालं का नाही ते पाहायचं असे त्याले.

"बाबा, जवळून दाखवा. लाल तर नाही ना? सूज?" मी शेपटी धरायचो, सर फोन धरायचे. हे सारं होईस्तोवर तिकडं त्याच्या मीटिंगची वेळ व्हायची. पण सर त्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून येत, हे मीनं पाह्यलं आहे.

एका महिन्यात सर आले ते उजव्या हाताले प्लास्टर लावून. न्हाणीत घसरून पडलते. शेजाऱ्यानं उमरखेडले नेलं होतं. पोराले कळवलं नव्हतं. "तो उगाच काळजी करेल," म्हणे.

फोन आला. सरनं डाव्या हातानं फोन धरला अन् प्लास्टरचा हात बरोबर टायगरच्या पाठीवर ठेवला. असा समोर, की आंधळ्यालेही दिसन. मी समजलो. म्हणलं, आता विचारन पोरगा.

"बाबा..."

"हां, बोल बेटा."

"तो हात जरा बाजूला घ्या ना. टायगर दिसत नाहीये."

सरनं हात बाजूले घेतला. मले असा राग आला, वाटलं तो फोन घ्यावा अन् पिचकारीच्या समोर धरावा!

*

फुलसावंगीकडच्या तांड्यावरची सोनीबाई एकदा मालवाहू ऑटोत कुत्रं घालून आली. शेळ्या राखणारं गावठी कुत्रं, अन् त्यालेही हेच दुखणं. मीनं एक बाजू रिकामी केली, बाई टक लावून पाहत राह्यली.

"भाऊ, हे दर महिन्याले करावं लागते का?"

"लागते."

"मंग मलेच शिकव. ऑटोचं भाडं काय शेळी भरते?"

एका डावात शिकली! मी बोट लावून जागा दाखवली, तिनं मोजा चढवला अन् दुसरी बाजू स्वतः दाबून रिकामी केली. तोंड वाकडं नाही की नाकाले पदर नाही. मॅडम चाट पडल्या. "बाई, किळस नाही आली?"

"किळस कायची वो? पोट्ट्यांचं केलं, याडी अंथरुणात होती तवा तिचं केलं. आईचं करते तर याचं कायले नाही करीन? रातदिवस शेळ्या राखते माह्या!"

सर बाकावरच होते. मॅडमले वाटलं, बरा मोका आहे. "सर, तुम्हीही शिकून घ्या. हात बरा झालाय आता. फी वाचेल, दर महिन्याची चक्कर वाचेल."

"नको नको. मला नाही जमायचं."

सोनीबाई म्हणे, "गुरुजी, दोन मिनटाचं काम हाये!"

"नको म्हटलं ना बाई!" सर एकदम चिडले. सरले चिडलेलं मीनं पहिल्यांदा पाह्यलं. ज्या माणसानं अख्ख्या ढाणकीले भूमिती शिकवली, त्याले कुत्र्याच्या दोन पिशव्या जमत नाही? मले काही उलगडा झाला नाही.

*

मंग मॅडमनं दुसरा उपाय काढला. बिस्किटं बंद, रोज उकडलेलं कोहळं भाकरीत कुस्करून द्यायचं, वजन कमी करायचं. शी घट्ट झाली की पिशव्या आपोआप दबतात, रिकाम्या होतात. सरनं मनापासून केलं. अन् गुण आला! दोन तारखा कोरड्या गेल्या. मॅडम खूश. "सर, आता तारीखच देत नाही. त्रास झाला तरच या."

दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. सरनं रिकामी चिठ्ठी उलटून पालटून पाह्यली अन् घडी करून खिशात ठेवली.

त्यानंतर एकदा तुरीच्या शेंगा द्यायले मी त्यांच्या घरी गेलतो. टायगर मांडीवर, अन् सर त्याले क्रीमची बिस्किटं चारून राह्यले होते. एकामागून एक. माहं डोकंच सणकलं. "सर! मॅडमनं काय सांगतलं होतं? पुन्हा भरन ना ते! काहून करून राह्यले असं?"

सरनं पुडा खाली ठेवला. माह्याकडं न पाहता म्हणाले, "दिगूभाऊ, दहा आठवडे झाले."

"कशाले?"

"परागचा फोन येऊन."

मी शेंगा ठेवल्या अन् परत आलो. रस्ताभर सरचा राग आला, त्या मुक्या जिवाचे हाल काहून करावे! अन् घरी येईस्तोवर पोराचा आला.

*

पिशवी भरली, पण यावेळी नुसती भरली नाही. पिकली अन् फुटली. टायगरले ताप चढला. मॅडमनं दहा दिवस धुतलं, इंजेक्शनं देली. परागनं नागपूरले नेऊन ऑपरेशन करायचीही गोष्ट काढली. दहा दिवस त्याचा रोज फोन! दिवसातून दोनदा दोनदा! सर एक एक फोन घेत अन् ठेवला की रडत. "मीच केलं हे दिगूभाऊ. मास्तर माणूस, अन् असं केलं." बिस्किटाचे उरलेले पुडे त्यांनी माह्यासमोर नालीत फेकले.

टायगर बरा झाला. महिन्याची तारीख पुन्हा चालू झाली. पण जीव तेरा वर्षांचा, अन् आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाले माहीत आहे. मे महिन्यात एका दुपारी कुलरसमोर झोपला तो उठला नाही. सरच्या परसात खड्डा मीनंच खणला. सरनं त्याले स्वतःच्या हातानं धोतरात गुंडाळून ठेवलं.

"सर, परागले कळवा," म्हणलं.

"कळवतो," म्हणाले.

*

बारा दिवसांनी, अकराले पाच कमी असताना, सर दवाखान्यात आले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, बगल रिकामी. मले वाटलं, घरी करमत नसन. पाणी देलं. बाकावर बसले.

बाजूले सराफाची सून बसलती, मांडीवर पांढरी पामेरियन. ती पहिल्यांदाच आलती, अन् तिच्या कुत्रीचं काम मी नुकतंच आटोपलं होतं.

सरचा फोन वाजला. त्यांनी माह्याकडं पाह्यलं. मंग सुनेकडं वळून हात जोडले. "ताई, पाच मिनिटं... हिला जरा घेऊ का?"

ती त्यांचीच विद्यार्थिनी. "घ्या ना सर!" म्हणे.

सरनं कुत्रीले टेबलावर ठेवलं. "दिगूभाऊ, शेपटी धरा." मी धरली. त्यांनी फोन उचलला.

"बाबा, जवळून दाखवा. हां... लाल नाही, सूज नाही. एकदम क्लीन! टायगर, ए टायगर! इकडे बघ!"

कुत्री सुनेकडं पाहत राह्यली.

"त्याला ऐकू कमी येतं रे आता," सर म्हणाले.

"वय झालं ना बाबा. नीट सांभाळा त्याला. चला, मीटिंग आहे. पुढच्या तारखेला करतो."

फोन बंद झाला. सरनं कुत्रीच्या अंगावरून हात फिरवला, तिले सुनेच्या मांडीवर नेऊन ठेवलं अन् खिशातला पेन काढला.

"ताई, हिची पुढची तारीख कितीची दिली हो?"