आठ गोल

१९३६ साली मी आसेगावच्या शाळेत मास्तर होतो, आणि मास्तरकीपेक्षा पेपर वाचून दाखवण्याचाच मला जास्त तोरा होता. पेपर तीन-चार दिवस शिळा यायचा. बाजाराच्या दिवशी शिंपीचाचांच्या दुकानापुढं बसून मी तो मोठ्यानं वाचायचो.

त्या पावसाळ्यात तिकडं बर्लिनला ऑलिम्पिक चाललं होतं. अमेरिकेच्या एका धावपटूनं चार सुवर्णपदकं जिंकली, हे मी अगदी रंगवून सांगितलं. एका शेतकऱ्यानं शांतपणे विचारलं, "मास्तर, इतका काहून पयत व्हता तो? मांगं कोन लागलं व्हतं?" सगळे खो खो हसले. मी चिडलो. त्या वयात मला चिडायला फारसं काही लागत नसे.

पोळ्यानंतरच्या बाजारी त्याहून मोठी बातमी आली. हिंदुस्थाननं हॉकीत जर्मनीला हरवलं होतं. आता हॉकी म्हणजे काय, हे मलाच धड ठाऊक नव्हतं. पुन्हा कुणी विचारलं तर फजिती, म्हणून तो शब्दच मी गाळला आणि आवाज चढवून वाचलं, "हिंदुस्थाननं जर्मनीवर आठ गोल चढवले! जर्मनीचा एकच!"

चाचांचं मशीन खडखडत होतं. त्यांनी अर्धवट ऐकलं आणि खुशीत ओरडले, "आठ गोले मारे भाई, जर्मनीपर!"

शेजारीच एक मावशी फुटाणे विकायला बसायची. तिचा एकुलता एक मुलगा पलटणीत होता. मागच्या जर्मन लढाईत तिचा भाऊ गेला, तो परतलाच नव्हता. टोपलं तसंच टाकून ती उठली.

"लढाई लागली का मास्तर? आपल्यायनं आठ मारले. मंग त्यायचा तो एक गोया कोनाले लागला?"

आमच्याकडं तोफेच्या गोळ्याला गोयाच म्हणतात. या वेळी कुणी हसलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लढाई नाही मावशी, खेळ हाय."

"तुमी माह्यापासून लपवून राह्यले."

मग मी पुढची बातमी नीट वाचली, एका गुराख्याची वाकडी काठी मागून घेतली आणि चाचांनी चिंध्यांचा चेंडू शिवून दिला. मघा सांगितलेला तो शेतकरी दोन टोपल्यांच्या मधे पाय फाकवून उभा राहिला. मी धावलो, काठी फिरवली आणि चिखलात सपशेल आडवा झालो. चेंडू मात्र टोपल्यांमधून पार झाला.

"हा झाला गोल," मी पडल्यापडल्याच म्हणालो.

"आन लागलं कोनाले?"

"मलेच, मावशी."

तेव्हा कुठं ती हसली, पोट धरधरून हसली, आणि माझ्या चिखलानं भरलेल्या ओंजळीत फुटाणे ओतले.

तीन वर्षांनी खरोखरची लढाई पेटली. तिचा मुलगा दूर कुठंतरी गेला. मी पेपर उघडला की ती आधी विचारायची, "मास्तर, गोल का गोये?" मी एकही शब्द न गाळता वाचायचो.

लढाई संपल्यावर एका बाजारी ती टोपलं न घेताच आली. मागं खाकी सदऱ्यातला उंच मुलगा होता. त्याला माझ्यापुढं उभं करून तिनं दोन्ही हातांनी गरगर फिरवलं, पुढून दाखवलं, मागून दाखवलं.

"पाहा मास्तर," ती म्हणाली, "एकबी लागला नाही."